गिरणीचा ओटा आणि प्रश्न सातवा

"आला का गं?"

तो आवाज अजून कानात आहे. हाक नव्हती ती. गिरणीच्या पट्ट्याच्या फटफटीखालून, चाळणीतून कोंडा निसटावा तशी निसटलेली कुजबुज होती. विचारणारी बाई समोर बघत नसे, आपल्या पायांकडं बघे. शेजारची बाई मान उंच करी, लांब कुठंतरी डोळे लावी, थोडं थांबे आणि म्हणे, "नाही मावशे. आज नाही."

गिरणी आपली चालूच.

एकोणनव्वद सालचा जानेवारी होता. दिंडोरीच्या पुढं, कादवा नदीच्या अंगाला, खडकमाळ नावाचं गाव. मी सव्वीस वर्षांची होते आणि नाशिकहून कापडी पिशवीत चाळीस कोरे फॉर्म घेऊन त्या गावी गेले होते. टीव्ही कोण बघतं, किती बघतं, याची पाहणी मुंबईच्या एका संस्थेनं काढली होती. बारा गावं, गावागणिक चाळीस घरं, आणि आम्ही सहा जणी विचारणाऱ्या.

आमचे पर्यवेक्षक होते भिमाजी गांगुर्डे. पूर्वी शिक्षक असावेत असं त्यांच्या बोटांवरून वाटे, खडू धरल्यासारखी पेन्सिल धरत. नाशकात एका शाळेच्या वर्गात त्यांनी आम्हाला चार दिवस शिकवलं. म्हणाले, वरच्या लोकांचं ठाम मत आहे की खेड्यातल्या बाया टीव्ही बघत नाहीत. चावडीत ठेवलेला संच म्हणजे पुरुषांचा रविवारचा सिनेमा. हे मत खरं असेल, खोटं असेल. आपण मोजायचं, आणि मोजल्याशिवाय काही मानायचं नाही.

मला ते फार आवडलं. माझी आई म्हणायची, शितावरून भाताची परीक्षा. मी तसं वर्गात बोलले. गांगुर्डे साहेब हसले आणि म्हणाले, बरोबर, पण शीत कुठलं उचलायचं ते आपण ठरवायचं नाही. चांगलं दिसेल ते उचललं तर परीक्षा भाताची होत नाही, आपल्या डोळ्यांची होते.

म्हणून चिठ्ठी. मतदारांच्या यादीतून एक आकडा चिठ्ठीनं काढायचा, त्या घरापासून सुरुवात करायची आणि मग दर नववं घर. घरातही बोलायला पुढं येईल त्याला विचारायचं नाही. फॉर्मच्या माथ्यावरचा तक्ता ज्या माणसाकडं बोट दाखवील त्यालाच विचारायचं, एकट्याला. सूचना क्रमांक चार अशी होती की उत्तर देताना शेजारी घरातलं कुणी नको. त्या ओळीखाली मीच लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, गावात बोलू नका म्हणून बजावून. ज्या गावात निवडलेल्या बायांपैकी चारात एकही बाई टीव्ही बघत नसेल, त्या गावातला संच उचलून मोठ्या गावाला देणार होते.

खडकमाळला मी लंकाबाईकडं उतरले. लंकाबाई बालवाडी चालवायची, आमच्याच समाजाची, वस्तीच्या तोंडाशी तिचं दोन खणांचं घर होतं. विधवा, तोंडाची फटकळ, हाताची उदार. माझे फॉर्म बघून म्हणाली, एवढ्या कागदांत गावाच्या टीव्हीची जन्मपत्रिका निघेल की.

पहिले दोन दिवस घरं घेतली. द्राक्षांचे दिवस होते. घडांची विरळणी चालली होती, बाया मांडवाखाली मान वर करून कात्र्या चालवत, आणि घरी आल्या तरी त्यांची मान खाली यायला वेळ लागे. वर बघतच त्या माझ्या प्रश्नांना उत्तरं देत. सातवा प्रश्न असा होता: तुम्ही चावडीत टीव्ही बघायला जाता का? नाही म्हटलं की पुढचे सात प्रश्न गळायचे, थेट पंधरावा.

सगळ्या नाही म्हणाल्या. काही हसून, काही पदर तोंडाला लावून. एक म्हातारी तर रागावली, चावडीत जायला मी काय पंच आहे का म्हणाली. चावडीला पाच पायऱ्या होत्या आणि त्या पाच पायऱ्या गावची बाई चढत नसे. आमच्या वस्तीतल्या बायांची न चढण्याची कारणं जुनी नि वेगळी होती, पायऱ्या मात्र त्याच.

देवरामच्या घरी गेले तेव्हा दुपार कलली होती. बारीक चणीचा, पन्नाशीचा माणूस, पडवीत फवारणीचा पंप उघडून वायसर बसवत होता. तक्त्यानं बोट दाखवलं ते त्याच्या बायकोकडं, चंद्रभागाबाईकडं. ती चुलीपुढं लसूण सोलत बसली होती, पाठमोरी. मी सातवा प्रश्न विचारला.

"ती नाय बघत," देवराम पडवीतून म्हणाला. "घरची बाई चावडीत काय करंल?"

मी तिच्याकडं पाहिलं. लसणाचं एक टरफल तिच्या बोटाला चिकटलं होतं, ते काढत ती म्हणाली, "नाय."

मी 'नाही'वर खूण केली. दिवस उतरत होता, अजून चार घरं राहिली होती. लाल रेघ आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मी फॉर्म दुमडला.

त्या संध्याकाळी लंकाबाई म्हणाली, चल, दळण आणू. डब्यात पसाभर बाजरी. मी म्हटलं एवढ्यासाठी गिरणी? तर म्हणाली, या गावात दळण असंच असतं बाई, दोन पायल्या बाजरी सात संध्याकाळी पुरवतात.

गिरणी चावडीच्या बरोबर समोर होती, मध्ये बैलगाडीचा रस्ता तेवढा. गिरणीला लांब ओटा, आणि त्या ओट्यावर अंधारात तीस-पस्तीस बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर डबा. वस्तीतल्या बाया ओट्याच्या कडेला, पण ओट्यावरच. कुणी दळणाकडं बघत नव्हतं. समोर चावडीची मोठी खिडकी उघडी होती, आणि गजांच्या मधून लाकडी कपाटातला टीव्ही निळा-पांढरा उजळत होता. पंचायतीचा शिपाई झुंबर कपाटाचं कुलूप काढून शेजारी स्टुलावर राखणदारासारखा बसला होता. ऐकू काही येत नव्हतं. काळू गिरणीवाल्यानं गिरणीची वेळच संध्याकाळची करून टाकली होती, आणि गिरणी थांबवायची सोय नव्हती, कारण थांबली तर बाया कशाला बसल्या हे कुणीतरी विचारलं असतं.

मी उभी राहिले ती उभीच. चाळीस घरांत तक्त्यानं दाखवलेल्या वीस बायांचे वीस नाही लिहून आले होते. त्यातल्या निम्म्या जणी इथं बसल्या होत्या. माझ्याशी खोटं कुणीच बोललं नव्हतं. चावडीत त्या जात नव्हत्याच, त्या दळणाला जात होत्या.

तेवढ्यात पडद्यावर एक चेहरा स्थिर झाला. हरवलेल्या माणसांचे फोटो दाखवायची ती वेळ. सगळ्या ओट्यावरची कुजबुज बंद पडली. आणि मी ऐकलं.

"आला का गं?"

चंद्रभागाबाई होती. मान खाली, हात डब्याच्या झाकणावर. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, हातभर अंतरापलीकडं तिला सगळं धुकं. चार फोटो आले, चार वेळा तिनं विचारलं, चार वेळा शेजारणीनं नाही म्हटलं. फोटो संपल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, रोज म्हणत असावी, कारण बाया आधीच माना हलवत होत्या: "ध्यानात ठिवा गं. डाव्या कोपराला भाजल्याचा डाग हाय. फोटूत बाही असली तर दिसायचा नाय, तोंडावरूनच वळखा."

परतताना लंकाबाईनं सांगितलं. चंद्रभागाचा एकुलता लेक बहिरू. तीन वर्षांपूर्वी, वीस वर्षांचा असताना, फवारणीत औषधाचं माप चुकलं आणि मांडवाचा एक कोपरा करपला. देवरामनं त्याला मजुरांदेखत पंपाच्या पट्ट्यानं मारलं. पोरगं रडलं नाही, पंप खाली ठेवला, हात धुतले आणि गेलं. कुणी म्हणालं वापीला गेलं, कुणी म्हणालं सुरतेला. मग देवराम फोटो घेऊन तालुक्याला गेला, तक्रार दिली, तिथून फोटो मुंबईला जातो आणि टीव्हीवर लागतो असं कळलं. तेव्हापासून चंद्रभागानं एक संध्याकाळ चुकवली नव्हती. तापातसुद्धा ओट्यावर. गिरणीच्या आवाजात ती गुणगुणायची, जात्यावरची चाल होती, शब्द तिचे:

दळण दळायाला मी गं रोज ओट्यावरी येते
काचेतल्या मानसात माझं मानूस शोधिते

काचेच्या पल्याड कोना कोनाचं लेकरू
सांगा गं सयांनो कधी दिसंल बहिरू

ते ऐकून मी जेवले नाही. लंकाबाईनं आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गांगुर्डे साहेब मोटारसायकलवर आले. मी त्यांना चावडीच्या ओसरीत फॉर्म दाखवले आणि ओट्याचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, विमलबाई, एका गावात प्रश्न बदलला की बाकीच्या अकरा गावांशी त्याची तुलना संपली. मी म्हटलं, पण उत्तर खोटं आहे. ते म्हणाले, उत्तर खरं आहे, प्रश्न आंधळा आहे. तो कुणी नाशकात बसून लिहिला, त्यात मीही होतो. तुम्ही शेरा लिहा, मी वर पाठवतो, वर वाचतील किंवा नाही वाचणार.

"आणि टीव्ही?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. वीसातून शून्य, म्हणाले. महिन्याभरात गाडी येईल.

झुंबर चहाचे कप घेऊन दारात उभा होता हे आम्हाला दिसलंच नाही.

तासाभरात बातमी मांडवाखाली पोचली. मी लंकाबाईच्या घरी फॉर्म लावत बसले होते तर चंद्रभागाबाई दारात. धावत आली होती. विरळणीची कात्री हातातच होती आणि बोटं द्राक्षाच्या चिकानं काळी झाली होती. तिनं कात्री उंबऱ्यावर ठेवली, देवापुढं ठेवावी तशी, आणि खाली बसली.

म्हणाली, बाई, माझ्या नावापुढं हो लिव्हा. काल मी चुकले. मालक होते म्हणून नाय म्हनले. मी सांगत राहिले की एकट्या तुमच्या हो नं काही होत नाही, वीसात पाच लागतात. तिनं तेवढंच उचललं. पाच? पाच मी आणते. आणि उठून गेली, कात्री तिथंच राहिली.

संध्याकाळच्या आत लंकाबाईच्या दारात चौदा बाया उभ्या होत्या. चंद्रभागानं घरोघर जाऊन, पायाला हात लावून आणलेल्या. आमचं लिहून घ्या, आम्ही बघतो, रोज बघतो. मी यादी काढली. एकेकीचं नाव विचारलं. एकीच्याही घराची चिठ्ठी निघालेली नव्हती. ज्यांची निघाली होती त्यातल्या तिघी मागाहून आल्या, तर गांगुर्डे साहेब म्हणाले, सांगून आणलेलं हो मला मोजता येत नाही. ते वाईट माणूस नव्हते. हे बोलताना त्यांनी मान खाली घातली होती.

चंद्रभागाबाईला हे समजावणं माझ्यावर आलं. मी शिताचं सांगितलं, भाताचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचे धुकट डोळे माझ्या तोंडावर नव्हते, तोंडाच्या थोडं बाजूला होते.

"म्हंजी माझं लेकरू फोटूत येईल त्या दिवशी गावात काचच नसंल," ती म्हणाली. "आन् कोन बघंल त्याला? त्या मोठ्या गावात त्याला कोन वळखतंय?"

लंकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, मी चावडी चढले तर मग ते खरं होईल ना. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा तिनं हो असा अर्थ घेतला असावा.

त्या संध्याकाळी ओट्यावर नेहमीसारख्या बाया बसल्या. चंद्रभागाबाई आली, डबा कडेवर, आणि ओट्याकडं वळलीच नाही. रस्ता ओलांडून सरळ चावडीच्या पायऱ्यांशी गेली. पदर डोक्यावरून पुढं ओढला. पहिली पायरी तिला दिसली नाही, अंगठा ठेचला. मग पायानं चाचपत चाचपत पाचही चढली.

आत वीसेक पुरुष होते. मी नि गांगुर्डे साहेब खिडकीशी उभे होतो. कुणीतरी म्हणालं, मावशे, दळण इकडं नाय, तिकडं. एकजण हसला, मग तोही थांबला. ती माणसांमधून वाट काढत कपाटापर्यंत गेली आणि काचेपासून हातभर अंतरावर बसली. डबा मांडीवर. झुंबर स्टुलावरून उठला आणि उगाच उभा राहिला.

देवराम खांबाला टेकून बसला होता. त्याचं एक मला झुंबरनं दुपारी गमतीनं सांगितलं होतं: देवरामदादा रोज येतो, बातम्या बघतो, पण हरवलेली माणसं लागली की बिडी ओढायला बाहेर जातो, घड्याळ लावावं असा. आजही तो उठला. पण दाराच्या वाटेवर सगळे पुरुष वळून त्याच्या बायकोकडं बघत उभे राहिले होते. तो अर्धा उठलेला तसाच राहिला, मग बसला.

फोटो सुरू झाले. पहिली एक मुलगी, दोन वेण्यांची. मग एक म्हातारा. मग एक जवान. निवेदिका सांगत होती, उंची पाच फूट चार इंच, रंग सावळा, उजव्या गालावर तीळ. चंद्रभागाबाई पुढं सरकली आणि त्या जवानाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून तिनं ते कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवलं, न्हाऊमाखू घातलेल्या लेकराचं तोंड चाचपावं तसं. मग हात काढून घेतला. चौथा फोटो एका बाईचा होता.

गिरणी थांबली होती. काळूनं पट्टा उतरवला होता, तीन वर्षांत पहिल्यांदा त्या वेळी. त्या शांततेत रस्त्यापलीकडून, ओट्यावरून, एका बाईचा आवाज आला.

"आला का गं, मावशे?"

"नाय गं," ती आतून म्हणाली, काचेकडं तोंड करूनच. "अजून नंबर नाय लागला."

देवराम खाली जमिनीकडं बघत होता.

रात्री गांगुर्डे साहेबांनी मला विचारलं ते एवढंच: देवरामच्या घरी फॉर्म भरताना शेजारी कोण होतं. मी खरं सांगितलं. आणखी कुठं असं झालं? मी आठवून मोजलं. वीस बायांपैकी अकरा जणींच्या शेजारी नवरा, सासू किंवा दीर होता. त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते म्हणाले, म्हणजे आपल्याच नियमानं ते अकरा फॉर्म रद्द. चिठ्ठी तीच, बाया त्याच, पुन्हा विचारायचं, आणि एकटीला. प्रश्न छापला आहे तसाच वाचायचा. पण बाईला तो कळला नाही असं वाटलं तर समजावून सांगायचं, असं सूचनेत आहे. आपण समजावून सांगितलं नव्हतं.

टीव्हीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. अकरातल्या नऊ जणींनी हो म्हटलं. वीसात नऊ. संच गावात राहिला. पण गोष्ट त्याची उरली नव्हती, कारण आम्ही सकाळी सुरुवात केली ती देवरामच्या घरापासून.

कोवळं ऊन पडवीत आलं होतं. गांगुर्डे साहेबांनी देवरामला नमस्कार केला आणि थोडा वेळ बाहेर थांबायची विनंती केली. तो उठला, अंगणातल्या शेवग्याखाली जाऊन दोर वळत बसला. तिथून आतलं ऐकू येत असणार. अंगण ते केवढं.

चंद्रभागाबाईनं चुलीची राख भरली होती, हात धुतले होते, चांगलं लुगडं नेसली होती. अंगठ्याला चिंधी बांधली होती. मी सातवा प्रश्न वाचला आणि समजावला: चावडीत असो, ओट्यावरून असो, खिडकीतून असो. हो, ती म्हणाली. आठवड्यातले किती दिवस? सातही. किती वेळ? हरवलेल्यांचे फोटू असतात तेवढा. दुसरं काही बघता? दुसरं मला दिसतच नाय, बाई.

गळून गेलेले सात प्रश्न पहिल्यांदाच मी या गावात विचारत होते. चौदावा शेवटचा. हा कार्यक्रम बघून तुम्हाला काही उपयोग झाला का? झाला एक, नाही झाला दोन.

गांगुर्डे साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"अजून नाय," ती म्हणाली. "पर हुईल. मुंबईला लय मान्सं हरवत असतील, आन् रोज चारच दावतात. म्हनून नंबर लांबला. पर तीन वर्सं झाली. आता जवळ आला असंल."

माझी पेन्सिल दोन्ही आकड्यांच्या मध्ये थांबली. तिला वाटत होतं की रेशनच्या दुकानासारखी रांग आहे कुठंतरी, हजारो फोटोंची, आणि बहिरू त्या रांगेत हातात पिशवी घेऊन पुढं पुढं सरकतोय. तीन वर्षं ती त्या रांगेला साथ देत बसली होती.

गांगुर्डे साहेबांनी बोलायला नको होतं. फॉर्म चालू असताना पर्यवेक्षकानं बोलायचं नाही असा त्यांचाच नियम. पण ते वळले आणि म्हणाले, मावशी, तालुक्याला तक्रार दिली त्याचा कागद असेल ना? त्यावर नंबर असतो. तो मला द्या. माझा भाऊ मुंबईत असतो, त्याच्याकडून चौकशी करवतो की फोटो कुठं अडकलाय.

तिच्या तोंडावर जे उजळलं ते मी लिहू शकत नाही. ती उठली, ठेचलेला अंगठा विसरून, आणि दारात गेली.

"आवं, ऐकलं का? त्यो कागूद द्या तेवढा. सायबाचा भाऊ हाय मुंबईला."

शेवग्याखाली दोर वळायचा थांबला. देवराम उठला. अंगणातून पडवीत आला, पडवीतून आत, आणि चुलीपाशी येऊन उभा राहिला. मी फॉर्म मिटला. सूचना क्रमांक चार.

"कागूद नाय," तो म्हणाला.

"मंग कुठं ठिवला? उतरंडीत बघू का?"

त्यानं टोपी काढली. पांढरी टोपी, कडेला घामाचा पिवळा पट्टा. तिची घडी उलगडली आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक फोटो काढला. पासपोर्टचा. घामानं त्याच्या कडा विरघळल्या होत्या, पण चेहरा होता. तो त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. तेवढा बारीक चेहरा तिला दिसला नाही, हाताला मात्र फोटो कळला. तिनं बोटानं त्याची कड चाचपली, एकदा, दोनदा, आणि मग ती हललीच नाही.

"दिलाच नाय मी," देवराम म्हणाला. आवाज लहान होता, पण थांबत नव्हता. "दोनदा गेलो तालुक्याला. उंची इचारली त्यांनी. मी हात वर करून दावली, तर म्हनले, बाबा, आकडा सांगा. मंग म्हनले अंगावर खूण काय. वीस वर्सांचं पोर माझ्या हाताखाली राबलं, आन् मला त्याची एक खूण सांगता येईना. घरी येऊन तुला इचारायचं, तर तोंड हुईना. तू म्हनली असतीस, मारताना त्याचा हात बराबर सापडला व्हता, मंग त्यावरचा डाग नाय दिसला व्हय. म्हनून तसाच माघारी फिरलो, आन् तुला सांगितलं, दिला."